लोकलचा खेळ तपासून कोण देईल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्याच हार्बरचा, सीएसएमटी ते पनवेल, संगणकावर चालवायचा मार्ग मी फावल्या वेळात बांधतो आहे. ‘ओपन रेल्स’ हे स्वयंसेवकांनी लिहिलेले, फुकट मिळणारे सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर खऱ्यासारखी गाडी चालवायचा खेळ. २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनलेले मार्ग आणि गाड्याही त्यात चालतात. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी त्यात भारतीय इंजिने आणि डबे घातले आहेत. मूळ खेळात अशी भर घालणे म्हणजेच मॉड. यात पैसा नाही, आणि त्याची तक्रारही नाही. काम अडते ते वेगळ्याच ठिकाणी. खेळ लोकांच्या हाती देण्याआधी तो नेटाने चालवून पाहणारी माणसे मिळत नाहीत.

“पाठव ना, बघतो” म्हणणारे पुष्कळ भेटतात. आठवडाभराने “एक नंबर झालंय” असा निरोप येतो, किंवा काहीच येत नाही. कौतुकाने बरे वाटते, पण दुरुस्त काय करायचे ते कळत नाही. मला हवा असतो वडाळ्याचा सिग्नल. तिथे गोरेगावचा फाटा फुटतो. दोन गाड्या एकाच वेळी आल्या की पनवेलची गाडी लाल दिव्यावर उभी राहते आणि मग हलतच नाही. तेव्हा नेमके काय घडले होते, हे कुणीतरी नीट सांगायला हवे.

असे सांगणारे मला भेटले ते आमच्या इमारतीतले एक निवृत्त मोटरमन काका. व्हिडिओ गेम त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. मस्जिद सुटल्यावर सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटाकडे चढ लागतो. तिथे तुझी गाडी सपाटीवर असल्यासारखी पळते, असे त्यांनी वेगाच्या आकड्यांसह कागदावर लिहून दिले. बनवणाऱ्याचा हात सवयीने बरोबर जागीच ब्रेकवर जातो. नवा माणूस फलाट ओलांडून पुढे जातो, मध्येच सेव्ह करून बंद करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो. खेळ कोलमडतो तो तिथेच.

ज्या काउंटर-स्ट्राइकने एकेकाळी मुंबईतले सायबर कॅफे भरून जात, तोही मुळात ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या खेळाचा हौशी मॉडच. १९९९ मध्ये त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांना खेळायला मिळाली. एकामागून एक आवृत्त्या खेळाडूंच्या हाताखालून गेल्या आणि २००० च्या नोव्हेंबरमध्ये तो खेळ दुकानात आला. खेळणाऱ्यांनी चुका कळवल्या नसत्या तर तो तिथवर पोचला असता असे मला वाटत नाही.

मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे. संगणक शाखेच्या मुलांना प्रोजेक्ट करावाच लागतो. दुसऱ्याचा मॉड महिनाभर तपासून त्याचा लेखी अहवाल देणे हेही प्रोजेक्टचे काम म्हणून धरावे. चुका शोधून नेमक्या शब्दांत मांडणे हे नोकरीतही लागणारे कौशल्य आहे, आणि ते शिकायला हौशी मॉडइतके मोकळे मैदान दुसरे नाही. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी आणि रोज हार्बरने जाणाऱ्यांनीही पुढे यावे. खाडीपुलावर गाडी कशी वाजते हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

तपासणाऱ्याने लिहावे एवढेच: गाडी कुठे होती, वेग किती होता, त्याआधी कोणती कळ दाबली. ओपन रेल्स डेस्कटॉपवर जी लॉग फाइल, म्हणजे खेळात काय घडले त्याची नोंद, ठेवते ती सोबत जोडावी. कंटाळून चेंबूरलाच खेळ बंद केला असेल तर तेही कळवावे, कारण त्या टापूत काहीतरी कमी आहे हे मला त्यावरूनच समजेल. आणि ज्यांचा लॅपटॉप जुना, चार जीबीचा आहे त्यांनी मागे राहू नये. हा खेळ बहुतेक घरांत तशाच यंत्रावर चालायचा आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
गोवंडी, मुंबई