आधी पाऊण तास मंच द्या, मग सत्कार करा

महोदय,

दिवाळी पहाटेचे फलक लागले की पुण्यातले तरुण गायक-वादक सातारा, सांगली, कोल्हापूरच्या वाटेला लागतात. ‘मानधन जरा कमी आहे, पण नाव होईल,’ हे आयोजकांचं ठरलेलं वाक्य. या नावाचा हिशेब एकदा मांडावाच. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण ४७० किलोमीटर. भाड्याची गाडी किलोमीटरला १५ रुपयांनी धरली तरी सात हजार गेले. टोल, चालकाचा भत्ता वेगळा. १५ हजारांच्या पाकिटातून तबलजी आणि पेटीवाल्याचं दिलं की गाणाऱ्याकडे शाल-नारळ उरतो. एसटीने जावं, तर डिकीत आदळून पेटीचा एखादा सूर भणभणायला लागतो, आणि तानपुऱ्याचा भोपळा तडकायला एक धक्का पुरतो.

पैशांपेक्षाही मोठी कंजुषी होते ती वेळेची. तबल्याच्या तोंडावर ताणलेली पुडी कातड्याची. पहाटे उघड्यावर दव धरलं की ती ढिली पडते, सूर उतरतो. एसी सभागृहात पुडी कोरडी होऊन सूर चढतो. म्हणून गाडीतून काढल्या काढल्या सुरात लावलेला तबला अर्ध्या तासात दगा देतो. आधी वीसेक मिनिटं तो मंचावरच्या हवेला ठेवायचा. मग वाद्यांखाली अडकवलेले आठही लाकडी गठ्ठे सारखे ठोकून सूर जवळ आणायचा आणि शेवटी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हलक्या हातोडीने एकेक घर (वादीच्या दोन ओढींमधली जागा) समोरच्या घराशी मिळवायचं. एक जरी घर उतरलेलं राहिलं तरी तबला दोन जागी दोन सुरांत बोलतो. घाईने जोरात ठोकलं तर पुडी फाटते, आणि जोडीला दुसरा तबला नसला की संपलंच. काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरणाऱ्या गायिकेला तिच्या मध्यमाला (म) किंवा पंचमाला (प) लावलेला तबला लागतो, पांढरी दोनच्या गायकाला त्याच्या षड्जाला (सा) लावलेला. दोघं एकाच मंचावर असतील तर दोन तबले आणावे लागतात. हे बोलावतानाच सांगायला नको का?

ध्वनिव्यवस्था बहुधा डीजेवाल्याचीच. बास चढवलेला असतो, तबल्याच्या जोडीतला डग्गा नुसता घुमतो आणि गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

संध्याकाळच्या मैफलीचं दुखणं निराळं. उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो. सातला सुरू झालेले सत्कार पावणेनऊपर्यंत चालतात, तबला लावण्यात आणखी वेळ जातो आणि नवा गायक संथ लयीतला बडा ख्याल दहा मिनिटांत आटोपून द्रुत (जलद) बंदिशीवर उडी मारतो. श्रोते घरी जाताना म्हणतात, ‘पोराला दम नाही.’ झालं नाव!

तेव्हा आयोजकांनी चार गोष्टी आधीच व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून द्याव्यात: गाडीभाडं मानधनाव्यतिरिक्त, मानधन मंचावर चढण्याआधी, गायकासमोर स्वतःचा आवाज ऐकायला एक मॉनिटर स्पीकर, आणि कार्यक्रमाच्या वेळेआधी पाऊण तास मोकळा मंच. त्या पाऊण तासात समई लावायला, फुलं मांडायला कुणी मध्ये येऊ नये. आणि तो मोठा उभा पंखा पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे वळवावा. मंचाकडे ठेवला की माइकमध्ये वारा भरतो.

— पुण्यातील काही साथीदार वादक