नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर

कराड,
आश्विन वद्य पंचमी

चि. मधुरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आली त्याचे छायाचित्र तुझ्या आईने साऱ्या आळीला दाखवून झाले आहे. मला मात्र त्या छायाचित्रात हारापेक्षा टायरच अधिक दिसले. दिवाळीला तुम्ही पुण्याहून हीच गाडी घेऊन येणार असे कळले, म्हणून हे पत्र लिहितो आहे. फोनवर सांगितलेले अर्धे तू ऐकतेस आणि अर्धे ओमच्या रडण्यात जाते. एस.टी.च्या कार्यशाळेत आयुष्य गेल्यामुळे मला गाडीविषयी बोलायला फार आवडते हे तुला ठाऊक आहेच, तेव्हा पत्र लांबले तर निनादरावांना मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे दोघांचेही काम होईल.

प्रथम इंजिनाविषयी. फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या काळात नवी गाडी किंवा नुकतेच बोअर केलेले, म्हणजे सिलिंडर आतून कापून दुरुस्त केलेले, इंजिन असले की मागच्या काचेवर तशी पाटी लावून लोक रस्त्याच्या कडेने संथपणे जात असत. आताच्या कारखान्यांतले यंत्रकाम पूर्वीपेक्षा पुष्कळच बारकाईचे झाले आहे, त्यामुळे तेवढे सोवळे पाळण्याचे कारण उरलेले नाही. पण म्हणून पहिल्या दिवसापासून गाडी हवी तशी पिटाळावी असेही नाही. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा काढलेल्या असतात, त्या रेघांत तेल धरून राहते, आणि पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या, रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत त्या रेघांची वरची टोके घासून भिंतीशी आपली बैठक जमवतात. ही बैठक एकदा नीट जमली की पुढे तेल जळत नाही आणि इंजिनाची ताकद गळत नाही. ती बिघडली तर कोणतेही महागडे तेल किंवा औषध घालून ती सुधारता येत नाही.

येथे बहुतेक लोक एका बाजूची काळजी घेतात आणि दुसरी विसरतात. इंजिनावर फार जोर देऊ नये हे सगळ्यांना माहीत असते, पण फार लाड केले तरीही रिंगा बसत नाहीत, कारण सिलिंडरमध्ये पेट घेणाऱ्या वायूचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला भिंतीवर रेटतो तेव्हाच ती घासली जाते. इंजिन नुसते उभ्या गाडीत घुरघुरत ठेवले, किंवा सदैव चाळीसच्या वेगाने गाडी हाकली, तर तो दाब पुरेसा मिळत नाही आणि भिंत गुळगुळीत होऊन बसते. म्हणून पहिले हजार किलोमीटर वेग सतत थोडा बदलता ठेव: कधी पन्नास, कधी सत्तर, मोकळा रस्ता मिळाला तर ऐंशी. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन ते तीन हजारांच्या दरम्यान राहू देत, ॲक्सिलरेटर तळाला टेकवू नकोस, आणि एकाच वेगाने तासभर जाणे टाळ. तुझ्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत या बाबतीत जो आकडा दिला असेल तोच माझ्या आकड्यापेक्षा प्रमाण मानावा, कारण ते इंजिन ज्यांनी बनवले त्यांनी तो लिहिलेला आहे. ती पुस्तिका कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच पडून असेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

जोर देणे म्हणजे केवळ वेग नव्हे. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी ओढायला लावली की ती कुंथते आणि सगळी थरथरते, आणि नव्या इंजिनाला हे ऐंशीच्या वेगापेक्षाही अधिक बाधते. खंबाटकीचा चढ लागेल तेव्हा गाडीचा दम संपण्याची वाट न पाहता आधीच एक गिअर खाली उतर. शहरातल्या गर्दीत चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, ती तुला लागू देऊ नकोस. हँडब्रेक ओढून थांबावे आणि डावा पाय क्लचवरून काढून खाली टेकवावा. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबलीस तरी पुरे आहे, त्यानंतरचे पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवणे हेच खरे गरम करणे होय. पहिले काही दिवस बॉनेटमधून किंवा सायलेन्सरकडून जळकट वास आला तर घाबरू नकोस, नव्या भागांवरचा लेप आणि कारखान्यातले तेल जळून जात असते. वास आठवड्यानंतरही राहिला, किंवा पेट्रोलचा वास आला, तर मात्र लगेच दाखव.

नव्या इंजिनात तेल किंचित अधिक खर्च होऊ शकते, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. वरच्या खुणेच्या पुढे भरलेले तेलही अपायकारकच असते. पहिली मोफत सर्व्हिसिंग साधारणपणे हजार किलोमीटर किंवा एक महिना, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायची असते, ती चुकवू नकोस. त्या वेळी चाकांच्या नटांची घट्टाई तपासायला आवर्जून सांग.

टायर आणि ब्रेक हेसुद्धा नवेच असतात, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात येते. साच्यातून टायर सुटून यावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश त्याच्या पृष्ठभागावर राहिलेला असतो, तो झिजून जाईपर्यंत नवा टायर ओल्या रस्त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक घसरतो. ब्रेकची पॅड आणि तबकड्या यांनाही एकमेकांशी जुळायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, म्हणून या काळात पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून हलके आणि लवकर ब्रेक दाबावेत. याचा अर्थ वेळ आली तरी हलकेच दाबावेत असा नव्हे. समोर माणूस आला तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाब आणि दाबूनच ठेव. पायाखाली धडधड जाणवेल आणि घर्र असा आवाज येईल, ते एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या सोयीचे, काम चालू असल्याचे लक्षण आहे. आमच्या जुन्या गाडीवर शिकताना मी तुला ब्रेक सोडून-सोडून मारायला शिकवले होते, कारण त्या गाडीला ही सोय नव्हती. या गाडीवर तसे केलेस तर थांबण्याचे अंतर उलट वाढेल.

टायरमधली हवा थंड टायरमध्येच तपासावी आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवरून ठरवावे, पंपावरच्या पोराच्या अंदाजावरून नव्हे. स्टेपनीतही हवा पाहा. ती बिचारी कोणाच्याच आठवणीत नसते.

आता गाडीच्या आतल्या गोष्टी. सीट अशी जुळवून घे की छाती आणि स्टीअरिंग यांत किमान पंचवीस सेंटिमीटर अंतर राहील आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला असेल. तुला अगदी पुढे सरकून बसण्याची सवय आहे; एअरबॅग उघडते तेव्हा तिचा वेग इतका असतो की तसे बसणाऱ्याला तीच इजा करते. आईने दिलेला गणपती डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवला असशील तर तो तेथून काढून मधल्या भागात बसव, देव रागावणार नाहीत. बाजूच्या सीटमध्येही एअरबॅग असतात, तेव्हा बाजारातली घट्ट कव्हरे त्यांवर चढवू नयेत. पुढे लोखंडी गार्ड बसवून घेण्याचा आग्रह कोणी करील, तो मोडून काढ. ते नियमात बसत नाही आणि धडकेचा जोर शोषून घेण्याची जी रचना गाडीत केलेली असते ती त्याने निकामी होते. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2012 पासूनच मनाई केलेली आहे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी पण मला सर्वांत धोक्याची वाटणारी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या पायाशी घरंगळणारी पाण्याची बाटली आणि एकावर एक टाकलेली दोन मॅट. ब्रेकखाली बाटली अडकली तर कितीही चांगली गाडी थांबत नाही.

सीट बेल्ट पुढच्यांनी लावायचा आणि मागच्यांनी नाही, असा आपल्याकडे जणू अलिखित रिवाज आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेले दोघे बेल्टविना होते आणि तेच दगावले. पुढचे दोघे वाचले. गाडी महागडी होती, पण मागच्या माणसाला बेल्टवाचून ती काही वाचवू शकली नाही. तुझी आई मागे बसली की बेल्टने साडी चुरगळते असे म्हणणार, तेव्हा गाडी सुरूच करू नकोस, एवढा एकच उपाय तिच्यावर चालतो. ओमला मांडीवर घेऊन बसण्याचा हट्ट कोणाचाही चालवून घेऊ नकोस, माझाही. चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसनात बसवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तसे न केल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडाचे सोड, पन्नासच्या वेगाने गाडी थडकली तर कोणत्याही बापाच्या हाताला त्या वेळचा झटका पेलवत नाही. बालआसन मागच्या सीटवरच, आयसोफिक्सच्या, म्हणजे त्यासाठीच सीटमध्ये दिलेल्या, खुंट्यांत अडकवून बसवावे.

रस्त्याविषयी थोडे लिहितो, कारण तो तुला माहीत असला तरी स्टीअरिंगवरून माहीत नाही. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते, म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यापासून तुला तेथे पोहोचायला निदान तीन सेकंद लागतील एवढे अंतर ठेव, आणि पाऊस असल्यास त्याच्या दुप्पट. परतीच्या वाटेवर नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे जो लांब उतार लागतो, तेथे नोव्हेंबर 2022 मध्ये एका मालवाहू ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली होती, आणि त्यानंतरही तेथे अपघात होतच राहिले. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे पेट्रोल आपोआप बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते ते जळतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा अडसर तेवढा जातो. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद करणे तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते आणि स्टीअरिंगही जड होते. त्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये राहा, डावीकडे राहा, आणि आरशात मोठा ट्रक भरधाव येताना दिसला तर हॉर्न देत बसण्यापेक्षा त्याला वाट मोकळी करून दे.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे उसाचे गाळप सुरू होऊ लागते. साताऱ्याच्या पुढे संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर महामार्गावर येतात, त्यांच्या मागे कित्येकदा दिवा नसतो, परावर्तक पट्टीही नसते, आणि बाहेर लोंबणारा ऊस अंधारात अगदी जवळ गेल्यावर दिसतो. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन तशीच मार्गिकेत उभी केलेली असते. यावर चांगल्या हेडलाइटचा फारसा उपयोग होत नाही, कारण समोरून येणारा अप्पर सोडत नाही. तेव्हा ऑफिस सुटल्यावर निघून रात्री पोहोचण्याचा बेत मला मान्य नाही. पहाटे सहाला निघा. एकशे साठ किलोमीटरचा तर रस्ता आहे, वाटेत थांबून चहा घेतला तरी जेवणाच्या पुष्कळ आधी पोहोचाल. खेड-शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे हे तीन टोलनाके लागतील, फास्टॅगमध्ये पैसे आदल्या दिवशीच भरून ठेव. फोन निनादरावांच्या हातात दे; मी वाटेत फोन करणार नाही, आईलाही करू देणार नाही.

परतताना तुझी आई डिकीत तांदळाचे पोते, फराळाचे डबे आणि नारळ घालू पाहील. इंजिन अजून हजाराच्या आत असेल, तेव्हा चार माणसांचे सामान ठीक आहे, पोते नको. ते मी एस.टी.च्या पार्सलने पाठवीन.

कळावे.

तुझे,
बाबा

ता. क. गाडीचे नोंदणीपत्र, विमा आणि तुझे लायसन्स डिजिलॉकरमध्ये उतरवून घे, ते मूळ कागदांइतकेच चालते. वाटेत काही अडचण आली तर राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक निनादरावांच्या फोनमध्येही नोंदवून ठेव. गाडीची दुसरी किल्ली गाडीतच ठेवू नकोस.