इरकलीची 'दुरुस्ती'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वस्त्रसंस्कृतीवरच्या संशोधनाचा पानभर लेख वाचला. दिल्लीच्या रघुवीर नगरातला जुन्या कपड्यांचा बाजार झाला, पानिपतला परदेशातून येणारे लोकरी कपडे पिंजून त्यांची ब्लँकेटं कशी होतात तेही झालं. माहिती चांगली आहे, नाही म्हणत नाही. बोहारणीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं आणि त्यात ती 'अनौपचारिक पुनर्वापर साखळीतील दुवा' झाली! पायरीवर ठाण मांडून, जरीची साडी बाहेर निघेपर्यंत स्टीलच्या डब्याला हात लावू न देणाऱ्या बाईला हे कुणीतरी कळवा.

लेखक म्हणतात, संशोधक हल्ली वस्तूंना बोलतं करतात. करोत बापडे. पण ज्यांच्या घरातल्या वस्तू नेता, त्या माणसांचं ऐकून तर घ्या.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेतून एक मुलगी आमच्याकडे आली होती. बोलायला गोड. माझ्या सासूबाईंचं इरकल लुगडं फोटो काढण्यापुरतं मागून घेतलं, महिन्याभरात आणून देते म्हणाली. लुगडं डोहाळजेवणाला त्यांच्या माहेरून आलं होतं, त्यांचं नाव-गाव काय, सगळं वहीत लिहून घेतलं. पोहे खाल्ले आणि गेली. पुढे फोन उचलणंही बंद.

मग पुण्याला भाचीकडे गेले असताना एका प्रदर्शनात ते लुगडं काचेआड टांगलेलं दिसलं. स्टोव्हच्या ठिणगीने पडलेल्या भोकावर मीच रफू केलं होतं, म्हणून लांबूनच ओळखलं. खाली पाटी: 'सुती साडी. ग्रामीण महाराष्ट्र. विसावे शतक. पदर नंतर जोडलेला (दुरुस्ती). वापरणारी स्त्री: अज्ञात.'

अज्ञात कशी? वहीत होती की!

आणि दुरुस्ती म्हणे. अहो, इरकलीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि पदराचा ताणा लाल रेशमाचा, असे दोन वेगळे असतात. विणकर मागावरच त्यांचे धागे फासात फास घालून एकमेकांत अडकवतो, त्याला कोंडी म्हणतात. पदरावरचे ते पांढऱ्या नक्षीचे टोप त्यानंतर विणले जातात. त्या विणकामाचं सगळं कसब या मंडळींना ठिगळ वाटलं. माझं खरं रफू मात्र कुणालाच दिसलं नाही, याबद्दल स्वतःचं कौतुक करावं की काय! बरं, लुगडं बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं, म्हणजे कर्नाटकातलं. नेसणारी सांगलीची, तेही भर गावभागातली, म्हणजे शहराच्या जुन्या वस्तीतली. 'ग्रामीण महाराष्ट्र' कुठून आला?

तिथल्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले, लेखी अर्ज द्या, सोबत मालकीचा पुरावा जोडा. लुगड्याची पावती कोण जपून ठेवतं? अर्ज दिला. त्याचं उत्तर अजून यायचंय.

तुमचीही गंमतच. त्या लेखासोबतच्या फोटोत लाल पदरावर टोप स्पष्ट दिसतायत आणि खाली छापलंय 'पैठणी'. छापण्याआधी कार्यालयातल्या एखाद्या बाईला दाखवला असता तरी चाललं असतं.

जाता जाता आणखी एक. रविवारची पुरवणी आमच्या भागात सोमवारी येते, तीही कधी मधलं पान गायब असलेली. विक्रेत्याला विचारलं तर तो वरून येतच नाही म्हणतो. पैसे मात्र महिन्याचे पूर्ण घेतो. याची चौकशी व्हावी.

कळावे,
एक जुनी वाचक, सांगली