सही केली म्हणून?

प्रिय सुन्या,

परवा फोनवर काका म्हणाले ना, की फौजेत भरतीची सही केली की विषय संपला, सैनिकाने लढाई निवडायची नसते, तेव्हा मी गप्प बसलो कारण आयुष्यभर फौजेत काढलेल्या माणसाशी फोनवर वाद घालणं मला जमत नाही. पण ते डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितो.

इराक युद्ध नको म्हणून अमेरिकन फौज सोडून इकडे कॅनडात आलेल्यांपैकी जेरेमी हिन्झमनचं घे. अमेरिकेच्या 82 व्या एअरबोर्न म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या डिव्हिजनचा पोरगा, कॉलेजच्या पैशांसाठी भरती झालेला. ट्रेनिंगमध्येच त्याला कळलं की आपल्याच्याने माणूस मारणं होणार नाही. पण तो लगेच पळाला नाही रे! 2002 मध्ये रीतसर अर्ज दिला, की बंदुकीचं काम सोडून मला दुसरं काहीही द्या. मग अफगाणिस्तानला पाठवलं, तिथे हा किचन ड्युटी करत होता आणि तिथेच अर्जाची सुनावणी झाली. विचारलं, कॅम्पवर हल्ला झाला तर लढशील का? तो खरं बोलला, हो म्हणाला, आणि अर्ज फेटाळला गेला. पुढे इराकला जायची ऑर्डर आली तेव्हा जानेवारी 2004 मध्ये बायको आणि लहान पोराला घेऊन तो इकडे टोरोंटोला आला.

इथे काय झालं? निर्वासित म्हणून राहू द्या असं त्याने मागितलं, तर 2005 ला निर्वासित बोर्डाने नाही म्हटलं, युद्ध कायदेशीर होतं की नव्हतं हा मुद्दाच ऐकून घेतला नाही. वरच्या कोर्टांतही तेच, आणि 2007 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला. आणि हाच कॅनडा, ज्याने 2003 मध्ये इराकला सैन्य पाठवणार नाही असं सांगितलं होतं! मला राग येतो तो इथे. तुम्हाला जे युद्ध पटलं नाही ते त्या पोरालाही पटलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

लोक म्हणतात व्हिएतनामच्या वेळी सक्तीची भरती होती, हे इराकवाले तर स्वतःहून भरती झालेले. पण तेव्हा इकडे आलेल्यांत स्वतःहून भरती होऊन मग फौज सोडलेलेही होते की, आणि 1969 ला थोरल्या ट्रुडोच्या, म्हणजे तेव्हाचे पंतप्रधान पियेर ट्रुडोंच्या सरकारने ठरवलं की बॉर्डरवर फौजेबद्दल विचारायचंच नाही. शिवाय इराकच्या वेळी अमेरिकेत स्टॉप-लॉस म्हणून प्रकार होता, म्हणजे करार संपला तरी घरी सोडायचं नाही, परत पाठवायचं. मग त्या सहीला दोन्ही बाजूंनी किंमत आहे का फक्त सैनिकाच्या बाजूनेच?

किम्बर्ली रिव्हेराचं वाचून तर मला झोप लागली नव्हती. टेक्सासची बाई, बगदादमध्ये गेटवर पहारा द्यायची. नुकसानभरपाई मागायला एक माणूस आला, सोबत दोनेक वर्षांची मुलगी, ती नुसती थरथरत होती आणि डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. किम्बर्लीला त्या पोरीत स्वतःची मुलगी दिसली. सुट्टीवर घरी आली आणि 2007 मध्ये कुटुंबासकट इकडे निघून आली. 2012 च्या सप्टेंबरात तिला देश सोडायला लावला, बॉर्डर ओलांडताच अटक, पुढे कोर्ट मार्शल आणि 10 महिने कैद, शिक्षा भोगत असतानाच तिला आणखी एक मूल झालं.

आणि हे सगळं संसदेने दोनदा ठराव करूनही, की अशा फौज सोडून आलेल्यांना राहू द्या! 2008 ला 137 विरुद्ध 110 मतांनी आणि 2009 ला पुन्हा. ठराव बंधनकारक नव्हता म्हणून तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने दोन्ही वेळा बाजूला टाकला. त्याचा कायदा करायचं बिल आलं ते 2010 ला अवघ्या 7 मतांनी पडलं.

2015 ला थोरल्या ट्रुडोचा मुलगा जस्टिन पंतप्रधान झाला तेव्हा ह्या लोकांना खूप आशा वाटली होती, बापाने जे केलं तेच मुलगाही करेल म्हणून. पण सगळ्यांना सरसकट राहू देऊ असं काही झालं नाही. मी इथे डिग्री आणि कागद दाखवून आलो आणि सहज राहिलो, सुन्या, आणि जो जीव घ्यायचा नाही म्हणून आला त्याला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या.

तुझा,
विन्या