ड्रायव्हरचा कोड खालून वर वाचा

संपादक महोदय,
स. न.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात लिनक्स कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी) ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहितात, ही चांगलीच गोष्ट. मात्र 'चेकपॅच'ने एकही इशारा दिला नाही, की तपासणी संपली असं अनेकदा धरलं जातं. चेकपॅच ही पॅचची, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या फाइलची, मांडणी तपासणारी पर्लमधली स्क्रिप्ट. टॅबऐवजी दिलेल्या स्पेस, १०० अक्षरांपलीकडे गेलेली ओळ, राहून गेलेली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ हे ती पकडते. मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता-काढता येणारा ड्रायव्हर) काढताना मशीन गोठेल का, हे तिला कळायचं कारण नाही.

परीक्षकाने प्रोब फंक्शन (उपकरण सापडल्यावर ते सुरू करणारं) खालून वर वाचावं. रेग्युलेटर (वीजपुरवठा), क्लॉक (उपकरणाला ताल देणारा संकेत), इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) अशा क्रमाने गोष्टी घेतल्या असतील आणि इंटरप्ट मिळाला नाही, तर आधी क्लॉक, मग रेग्युलेटर बंद होतो का? 'गोटू'ची (थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारणाऱ्या आज्ञेची) लेबलं त्यासाठीच असतात. इथे त्यांना नाकं मुरडू नयेत.

घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारी 'डेव्हएम'ची फंक्शन्स वापरली की हा व्याप वाचतो, पण अर्धवट वापरली तर नवं संकट. त्यांनी घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर काढताना चालणारं) संपल्यावर सुटतात. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि क्लॉक रिमूव्हमध्ये हाताने बंद केलं, तर मधल्या क्षणी इंटरप्ट अजून जिवंत असतो. तेवढ्यात हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) उपकरणातलं, क्लॉक नसलेलं रजिस्टर वाचलं, तर कित्येक चिपवर बसच, म्हणजे प्रोसेसर आणि उपकरणातला माहितीमार्गच, अडकते. हे रोज घडत नाही, म्हणूनच प्रात्यक्षिकात सापडत नाही. इंटरप्टची लाइन सामायिक असेल तर कर्नल बांधताना 'डीबग शेअर्ड आयआरक्यू' हा पर्याय चालू ठेवावा. हँडलर काढताना तो मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देतो.

वेगळ्या थ्रेडमध्ये न चालणाऱ्या हँडलरमध्ये म्युटेक्स (वाट पाहायला लावणारं कुलूप) किंवा 'जीएफपी कर्नल'ने (गरज पडल्यास थांबून) मेमरी मागणं दिसलं तर पॅच तिथेच परत करावा. तिथे झोपायला, म्हणजे वाट पाहत थांबायला, परवानगी नाही.

इंटरप्टचा क्रमांक अनसाइन्ड (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चलात ठेवला असेल, तर 'शून्यापेक्षा कमी' ही अट कधीच खरी होत नाही आणि ऋण आकड्याने कळवलेली चूक गिळली जाते. उपकरण कामात असल्याचं सांगणारा 'बिझी' बिट शून्य होईपर्यंत फिरणाऱ्या लूपला कालमर्यादा हवी: पीसीआय कार्ड निघालं की वाचनात सगळे बिट १ येतात आणि लूप संपतच नाही. त्यासाठी कर्नलमध्ये 'रीडएल पोल टाइमआउट' ही सोय तयार आहे. स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर यूएसबी हस्तांतरणाला देऊ नये, २०१६च्या ४.९ आवृत्तीपासून स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत (प्रत्यक्ष मेमरीत सलग असेलच असं नाही अशा) असू शकतो आणि तिथे डीएमए, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरशिवाय थेट मेमरी वापरणं, चालत नाही.

शेवटी, मोकळ्या जागांची साफसफाई आणि वर्तनातला बदल एकाच पॅचमध्ये आला, तर न वाचता परत पाठवावा. तीनशे ओळींच्या टॅबदुरुस्तीत बदललेली एक अट शोधणं हे परीक्षकाचं काम नव्हे.

आपला,
एक वाचक, पुणे