जुनी लढाऊ विमाने उडती राहावीत

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमाने आता फक्त संग्रहालयात ठेवावीत, हे मत मला पटत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या १९५७ साली स्थापन झालेल्या स्मृती पथकाने १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईतले एक स्पिटफायर हे लढाऊ विमान जपले आहे. या विमानाच्या पंखातील मुख्य तुळई एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांची असते. आतल्या नळीचा धातू झिजला तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पंख उघडून ती तपासावी आणि प्रसंगी नवी घडवावी लागते. मे २०२४ मधील अपघातात याच पथकाच्या वैमानिकाचा मृत्यू झाला, त्यामुळे तपासणीत यत्किंचितही सूट नको. मात्र हे हातकसब काचेआडच्या विमानावर कुणी शिकत नाही. त्यासाठी तरुण तंत्रज्ञ नेमून पुरेसा निधी द्यायला हवा.

– एक वाचक, नाशिक