इष्टुर फाकड्याचा एक फोटो पाठवा

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की तुमच्याकडे कुकर शिट्टी देतो, नाहीतर माझ्याकडे मीटिंग सुरू होते, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. काम आहे ते आपल्या वडगावच्या इष्टुर फाकड्याच्या, म्हणजे त्या इंग्रज कॅप्टनच्या समाधीच्या फोटोचं, पण ते शेवटी. आई, तू मोठ्याने वाच. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दहा दिवस झालेत, त्यांच्या हातात कागद देऊ नकोस. आणि कंटाळा आला की तू मधले परिच्छेद गाळतेस, ते बाबांना बरोबर कळतं, हेही लक्षात ठेव.

सोमवारी आम्ही पहाटे पावणेचारला उठलो. बाबा, तुमच्या पहिल्या शिफ्टची आठवण आली. अंधारात भांड्यांचा आवाज न करता चहा टाकायचा, कुणी जागं होऊ नये म्हणून बाथरूमचा दिवा नुसता दाराच्या फटीतून घ्यायचा, आणि मग लोकलसाठी झपाझपा चालत सुटायचं. फरक एवढाच की आमच्या हातात डब्याऐवजी शिडी होती. खरीखुरी, ट्यूबलाइट बदलायची घडीची शिडी.

शिडी कशाला, ते सांगते. आमचं लेक्सिंग्टन हे बॉस्टनजवळचं छोटं गाव. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक इथे, गावाच्या मधोमध असलेल्या तिकोनी हिरवळीवर, १९ एप्रिल १७७५ ला झाली. त्याची आठवण म्हणून एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी राज्याला सुट्टी असते, तिला ‘पेट्रियट्स डे’ म्हणतात. बॉस्टनची ती मॅरेथॉन, जावई दर वर्षी ‘पुढच्या वर्षी मी धावणार’ म्हणतात ती, तीही त्याच दिवशी. त्या पहाटे साडेपाचला गावकरी ती चकमक जिथल्या तिथे करून दाखवतात. माणसं काळोखातच हिरवळीभोवती दोरीला खेटून उभी राहतात. मागच्या वर्षी आम्ही पाच वाजता ऐटीत पोचलो आणि लोकांच्या पाठी बघून परत आलो. तेव्हाच दिसलं की जुनी खोडं शिड्या घेऊन येतात आणि पोरांना वर बसवतात. या वर्षी तुमचा नातू चौथ्या पायरीवर, मी दुसऱ्या पायरीवर, आणि जावई खाली शिडी धरून. त्यांना काहीच दिसलं नाही. पण फोटो काढायचं काम अंगावर पडलं नाही म्हणून खूश होते.

थंडी विचारू नका. एप्रिल संपत आला तरी तोंडातून वाफ निघत होती. गवतावर दंव, आणि इतकी माणसं असूनही कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आपल्याकडे ग्रामदैवत पोटोबाच्या उत्सवाला एवढी गर्दी जमली असती तर एव्हाना निम्म्यांचे पाय तुडवले गेले असते आणि स्पीकरवर हरवलेल्या मुलाचं नाव सुरू झालं असतं. (आई, हा कंस गाळू नकोस: मला त्या गोंगाटाची फार आठवण येते.)

आधी घंटा वाजते. मग एक मुलगा ढोल बडवत येतो. त्या रात्री विल्यम डायमंड नावाच्या पोराने ढोल वाजवून सगळ्यांना गोळा केलं होतं, त्याची ही नक्कल. हिरवळीसमोरच बकमन टॅव्हर्न म्हणून पिवळं लाकडी घर आहे. अर्ध्या रात्रीपासून गावकरी तिथे शेकोटीपाशी वाट बघत बसले होते, कारण पॉल रिव्हिअर घोड्यावरून येऊन सांगून गेला होता की इंग्रज निघालेत. त्या टॅव्हर्नमधून माणसं डोळे चोळत, बंदुका सावरत बाहेर येतात. खरे तेव्हा सत्त्याहत्तर जण होते. शेतकरी, सुतार, काही बापलेक एकाच रांगेत. त्यांचा कॅप्टन जॉन पार्कर क्षयाने पोखरलेला होता. पुढे सप्टेंबरात त्याच आजाराने गेला. रांगेत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक काळा माणूसही होता, जो स्वतः गुलाम होता. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी पहाटे उठून आला आणि गोळी खाल्ली. जगला तो. त्याच्या नावाचा दगड आता टॅव्हर्नसमोर आहे, पण मोठा पुतळा बंदूकवाल्या गोऱ्या शेतकऱ्याचाच. तुमच्या नातवाने हे स्वतःहून विचारलं, आणि मला घाईत धड उत्तर देता आलं नाही.

मग लांबून ढोल ऐकू यायला लागतात. आधी फक्त आवाज. मग झाडांच्या मागून लाल डगल्यांची रांग, आणि अंधारात तो लाल रंग काळपट दिसतो. घोड्यावरचा अधिकारी ओरडतो, बंडखोरांनो, पांगा. पार्करही आपल्या माणसांना पांगायलाच सांगतो. एवढ्यात एक गोळी सुटते. कुणाची, ते अडीचशे वर्षांत कुणाला ठरवता आलेलं नाही, आणि खेळातही ती कुणीकडून येते ते मुद्दाम कळू देत नाहीत. नंतर सगळाच धूर. दारूचा वास थेट आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. काही मिनिटांत संपतं. आठ माणसं मेली होती, तेवढी गवतावर पडून राहतात. एक जण सरपटत घराच्या दिशेने जातो. तो जोनाथन हॅरिंग्टन. हिरवळीच्या कडेलाच त्याचं घर होतं. तो दारापर्यंत पोचला आणि बायकोच्या पायाशी गेला असं गाव सांगतं. घर अजून आहे, खिडक्यांना पडदे आहेत.

आणि मग बायका धावत येतात. टोप्या, पायघोळ घागरे, शाली. त्या रडतात ते नाटकातलं रडणं असतं हे ठाऊक असतं, तरी माझ्या पोटात कालवलं. पलीकडे लाल डगलेवाले तीनदा जयघोष करून शेजारच्या कॉन्कर्ड गावाच्या रस्त्याला लागतात.

बाबा, मला नवल याचंच वाटतं, की हे गाव जो सकाळचा अर्धा तास जपतं, त्यात ते सपशेल हरलं होतं. जिंकणं नंतरचं. कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर त्याच दिवशी गावकऱ्यांनी इंग्रजांना मागे रेटलं, आणि परत बॉस्टनपर्यंत दगडी बांधांमागून गोळ्या घालत नेलं. संध्याकाळपर्यंत इंग्रजांची त्र्याहत्तर माणसं मेली होती, यांची एकोणपन्नास. तरी लोक शिड्या घेऊन येतात ते हरण्याच्या जागी.

आणि लाल डगले घालणारेही इथलेच. कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिकवणारा. त्यांचीही जुनी पलटण आहे, कवायत करतात, बटणंसुद्धा त्या काळची शोधून लावतात. मला तुम्ही आठवलात. मंडळाच्या वडगावच्या लढाईच्या देखाव्यात तुम्ही इंग्रज झाला होतात! आईने अख्खा पावडरचा डबा तुमच्या तोंडावर रिकामा केला होता, डोक्यावर शिकाऱ्याची सोला टोपी, जी त्या काळात नव्हतीच, आणि कमरेला माझी शाळेची पट्टी तलवार म्हणून. महादजींपुढे शरण यायचं तेव्हा तुम्हाला हसू आवरेना. सगळं गाव अजून सांगत असेल.

प्रयोग संपला की चर्चच्या तळघरात नाश्ता. स्काउटची पोरं पॅनकेक भाजतात. आई, पॅनकेक म्हणजे जाडसर गोड घावन समज, आणि त्यावर मेपलच्या झाडाचा पाक, अगदी काकवीसारखा. एका टेबलावर नुकताच मेलेला शेतकरी आणि त्याला मारणारा शिपाई शेजारी शेजारी बसून खात होते. शेतकऱ्याच्या शर्टाला गवत चिकटलेलं होतं. नातू त्याच्यापुढे जाऊन म्हणाला, ‘तू तर मेलास ना?’ तो म्हणाला, ‘हो, दर वर्षी मरतो. भूक फार लागते.’

दुपारी आम्ही कॉन्कर्डला गेलो, मिरवणूक टाळून. आणि तिथे जे दिसलं त्यासाठी खरं तर हे पत्र. नॉर्थ ब्रिजपाशी, दगडी भिंतीला लागून, त्या दिवशी मेलेल्या इंग्रज शिपायांची कबर आहे. दोघं आहेत तिथे. वर ब्रिटनचे छोटे झेंडे खोचलेले. दगडावर ओळी कोरल्यात, त्यातलं मला एवढंच मनात राहिलं, की हे तीन हजार मैलांवरून आले आणि मेले, आणि समुद्रापलीकडे यांची आई रडली ती कुणाला ऐकू आली नाही. आई, मी तिथे जरा जास्तच वेळ थांबले.

तेवढ्यात नातू म्हणाला, ‘शत्रूची कबर कोण ठेवतं?’ आणि मी पटकन बोलून गेले, ‘आम्ही ठेवतो. आजोबांच्या गावाला.’

झालं. घरी येईपर्यंत गाडीत इष्टुर फाकडा. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. की ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या लोकांनी १७७३ मध्ये समुद्रात फेकल्या, तीच कंपनी पाच वर्षांनी राघोबादादाला गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. हजारो बैलांचं लटांबर घेऊन, रोज जेमतेम थोडं थोडं पुढे सरकत. की कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट असा शूर की आपल्याच लोकांनी त्याच्या नावाचं इष्टुर केलं आणि वर फाकडा ही पदवी दिली. की ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्यात तो मराठ्यांचा तोफखाना कुठे आहे ते बघायला झाडावर चढला आणि तोफेच्या गोळ्याने गेला. की पुढे तळेगाव मराठ्यांनी स्वतःच जाळून टाकलं, धान्याचा दाणा मिळेना, आणि इंग्रज आपल्या जड तोफा तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरले, ते वडगावात कोंडले गेले आणि १६ जानेवारीला तह करून सुटले.

तळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने टाळ्याच पिटल्या. कारण कॉन्कर्डला इंग्रजांनी सापडलेल्या बंदुकीच्या गोळ्या गिरणीच्या तळ्यात टाकल्या होत्या, आणि गावकऱ्यांनी नंतर पुष्कळशा काढून घेतल्या. ‘मग तळेगावच्या तोफा काढल्या का?’ याचं उत्तर तुमच्याकडे असेल. तसंच, तो तह कंपनीच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने मानलाच नाही आणि लढाई सालबाईच्या तहापर्यंत, म्हणजे १७८२ पर्यंत चालली, हे सांगितल्यावर त्याला फार राग आला. ‘सही केली होती ना?’ असं तीनदा विचारलं.

पण खरी पंचाईत पुढे झाली. फाकड्याची समाधी कशी दिसते, ते मला सांगता येईना. लहानपणी, ती समाधी जिथे आहे त्या पोलीस स्टेशनावरून जाताना मी तुमचं बोट घट्ट धरून दुसरीकडे बघायचे, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तो साहेब अमावस्येला सिगारेट मागतो. पुढे कॉलेजात लाज वाटायची, की आपल्या गावात इंग्रजालाही नारळ फोडतात, काय हे. आणि आज हजारो मैलांवर उभं राहून मी ते मोठ्या तोऱ्यात सांगत होते. इथे झेंडा खोचतात, तारीख कोरतात, माहितीचा फलक लावतात. आपण त्याला नवस बोललो. शत्रूला घरचा देव करून टाकणं मला आता झेंड्यापेक्षा जास्त मोठ्या मनाचं वाटतं. अर्थात फलक लावला असता तर मला तरी दोन गोष्टी नीट माहीत असत्या.

तर काम असं. बाबा, नातवाला शाळेत पाच मिनिटं ‘माझ्या कुटुंबाच्या गावची गोष्ट’ सांगायचीय, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तो बाकी मुलांसारखं दिवाळी सांगणार नाही म्हणतो, इष्टुर फाकडाच सांगणार. त्याला समाधीचा फोटो हवाय, समोरून एक आणि शेजारी कुणी माणूस उभा असलेला एक, म्हणजे उंची कळेल. माणूस म्हणजे तुम्ही. आणि तुमच्या आवाजात ती गोष्ट, तुम्ही मला झोपताना सांगायचात तशी, ‘फाकडा पडला रे पडला’ या ओळीसकट. फोनवर बोलून पाठवली तरी चालेल. इंग्रजी करू नका, त्याला मराठी कळतं, फक्त बोलायचा आळस.

पण डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरल्याशिवाय जायचं नाही, आणि गेलात तर सकाळी आठच्या आत, काळा चष्मा लावून. आई, तू बरोबर जा. रिक्षाने जा, गुडघा घेऊन चढउतार करू नकोस. तिथले हवालदार फोटो काढू देतात का ते आधी विचारा, नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका, बाबांना सांगतेय.

पुढच्या एप्रिलचं मी आत्ताच बोलून ठेवते. व्हिसा अजून चालू आहे. शिडीवर चौथी पायरी बाबांची, आईसाठी घडीची खुर्ची आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. लाल डगलेवाल्यांना यंदा एक माणूस कमी पडला म्हणे. पावडरचा डबा इथे मिळतो.

तुमची लेक